टिफिनच्या डब्यातला फझ

माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला आणि जीभ राहिली. उलटं झालं असतं तर संसार सुखाचा झाला असता, असं मी तेव्हा विचारपूस करायला येईल त्याला सांगायचे. लोकांना वाटायचं, बाई गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची! हात खांद्यापासून लोंबत होता आणि जीभ सकाळच्या चहापासून सुरू व्हायची. चहा गार आहे, चादर दमट आहे, तुझा चेहरा असा का आहे. मीही कमी नव्हते. चेहरा तुमच्याकडे बघून असा झालाय, म्हणायचे.

तो आमच्या गावच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. अलिबाग-पेणकडे बेंजो पार्टी म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकीच्यांसाठी सांगते. बेंजो, की-बोर्ड, ढोल, गिटार आणि छातीत धडधडणारे स्पीकर टेम्पोवर चढवायचे आणि हळदीला, साखरपुड्याला, गणपतीला अख्खी आळी नाचवायची. पार्टी माझ्या थोरल्या दिरांची. बेंजो तेच वाजवतात आणि मधोमध तेच उभे राहतात. नवरा त्यांच्या शेजारी, आमचं लग्न व्हायच्या आधीपासून.

पालीकडची एक हळद वाजवून मोटारसायकलवरून परत येताना तो खड्ड्यात पडला. हाड मोडलं असतं तर परवडलं असतं, डॉक्टर म्हणाले, हाड जुळतं. ह्याच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसाच ओढल्या गेल्या होत्या. मालिश झालं, शेक झाला, विजेचे झटके झाले. शेवटी खांदा तेवढा हलायला लागला. हात वरून खाली झाडता यायचा, म्हशीनं शेपटी मारावी तसा. बोटांत मात्र साधी काडी धरवत नव्हती. दिरांनी सुरुवातीला केळी आणली, मोसंबी आणली, मग येणं बंद केलं. पार्टीत त्याच्या जागी माझ्या जावेचा भाऊ उभा राहिला. तो कसा वाजवतो ते मी सांगत नाही, माझ्या तोंडून बरं काही निघणार नाही.

ह्या सगळ्यात नवऱ्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यानं कधी बोलून दाखवली नाही. दिरांच्या मुलीचं, आमच्या पुतणीचं, लग्न ठरत होतं. आम्हाला मूल नाही. ही पोर आमच्याच ओटीवर वाढली, काकाच्या मांडीवर बसून गिटारच्या तारा ओढत. काका, माझ्या हळदीला तूच वाजवायचं, असं ती दुधाचे दात होते तेव्हापासून म्हणायची, आणि तो म्हणायचा, आधी नाक पूस. लग्न ठरल्याचे पेढे आले त्या दिवशी तो जेवला नाही. मी कारण विचारलं नाही. ते कळायला काय मोठी अक्कल लागते?

लग्नाआधी मी तळोज्याकडे एका कारखान्यात सर्किटच्या बोर्डांना सोल्डर करायचे. आजही आळीतले मिक्सर आणि पंखे माझ्याकडेच येतात. म्हणून असले व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आपसूक येत असावेत. त्यात एक माणूस गिटार घेऊन बसला होता. त्यानं तार एकदाच छेडली आणि सूर संपेचना. उजवा हात त्यानं चक्क खाली सोडला आणि डाव्या हाताची बोटं नुसती दाबत, उचलत पुढचं सगळं वाजवलं. पायाशी एक डबी होती, तिला फझ पेडल म्हणतात. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की खरखरीत होतो, फुगतो आणि लांबतो. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, पळून जाणार आहेस का त्याच्याबरोबर? म्हटलं, नेत असेल तर आत्ता निघते.

नकाशा नेटवर मिळाला. सामान मूठभर लागतं. दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, आवाजाची दोन गोल बटणं आणि पायानं दाबायचं एक. डबी म्हणून त्याचाच जुना अॅल्युमिनियमचा टिफिन घेतला, त्याला भोकं पाडली. चालू केलं. आवाज आला, पण पत्र्यावर खिळा ओढावा तसला. नवऱ्यानं कानात बोट घातलं आणि म्हणाला, हे ऐकून तिरडीवरचा उठून पळेल. मी म्हटलं, मग तुमच्या वेळेला उपयोगी पडेल.

पण तो बरोबर बोलत होता. आवाजात मांस नव्हतं. मग वाचनात आलं की जुन्या रेडिओत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात, पत्र्याच्या टोपीचे, त्यांचा फझ मऊ आणि भरदार लागतो. माझ्या वडिलांचा रेडिओ माळ्यावर होता. वडील गेल्यावर माहेराहून मी भावांशी भांडून तेवढीच एक वस्तू आणली होती, आणि ती अजून चालू होती. मी रेडिओ खाली काढला, उघडला आणि आतले ट्रान्झिस्टर एकेक करून सोडवले. तेव्हा काही वाटलं बिटलं नाही, खोटं कशाला बोलू? रडायला आलं ते नंतर, भाकऱ्या थापताना, आणि तेव्हाही नवऱ्यानं विचारलं की भाकरीत मीठ डोळ्यांतलं घालतेस का.

त्या रेडिओतले दोनच ट्रान्झिस्टर चांगले निघाले, बाकीचे गळके, आतून वीज झिरपणारे. आणि त्या दोघांचे नखरे तरी किती! सोल्डर करताना जास्त धग लागली की मरतात, म्हणून त्यांचे तारेचे पाय चिमट्यात धरून झटक्यात काम उरकायचं. आत मी एक बारीक स्क्रू बसवला होता. तो फिरवत मीटरवर बघायचं, बॅटरीचा जोर दुसऱ्या ट्रान्झिस्टरपाशी निम्म्यावर यायला हवा. स्क्रू एका बाजूला जास्त गेला की सूर अडखळून मध्येच तुटतो, दुसऱ्या बाजूला गेला की चिखल होतो. बरं, सकाळी जुळवावं तर दुपारी बिघडतं. आमच्याकडच्या उकाड्यात ते ट्रान्झिस्टर जागेवर राहतच नाहीत. ऊन चढलं की आवाज बसायचा, खाडीचं वारं सुटलं की पुन्हा उठायचा. मी त्या डब्याशी इतकी बसायचे की नवरा त्याला सवत म्हणायला लागला.

पिक, म्हणजे तार छेडायची प्लॅस्टिकची चकती, त्याला बोटांत धरता येत नव्हतं. मी ते घड्याळाच्या पट्ट्याला शिवून तळहाताशी बांधून दिलं. खांद्यातून हात झाडायचा, तार लागली तर लागली. पहिले दिवस शिव्यांचे होते. त्याच्या मला, माझ्या त्याला, दोघांच्या त्या खड्ड्याला. एकदा तार सलग चुकत गेली तेव्हा त्यानं डब्याला लाथ घातली, डबा ओटीवरून अंगणात, झाकण तुळशीपाशी. मी म्हटलं, दुसरी लाथ मला घाला, म्हणजे बायको मोडली म्हणून पुन्हा मोसंबी येतील. उचलला, आतली सुटलेली वायर परत जोडली आणि जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर असताना आतून आवाज आला. त्यानं स्वतःहून पाय ठेवला होता.

हळदीचं एक जुन्या चालीचं गाणं तो वाजवत होता. एक झटका, आणि त्या एका झटक्यावर डाव्या हातानं अख्खी ओळ. मध्ये कुठं तुटली नाही, चिखल झाली नाही. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल. तो म्हणाला, "खरखर थोडी कमी कर गो." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. इतकी खूश मी माझ्या लग्नातही झाले नव्हते.

आता एक आमच्या पार्टीची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला पार्टीची सगळी वाद्यं दिरांच्या अंगणात मांडून पूजतात. जे वाद्य त्या पूजेला बसलं, हळदकुंकू आणि नारळ घेतला, ते पार्टीचं. मग ते कुणीही आणलेलं असो. माणूस पार्टी सोडून गेला तर हात हलवत जातो, वाद्य राहतं. पूर्वी कुणीतरी ढोल घेऊन दुसऱ्या पार्टीत गेला म्हणून हा नियम झाला म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच मी डबा पूजेला नेला. डबा पार्टीचा झाला की डबा वाजवणारा पार्टीचा झाला, असं माझं सरळ गणित. पाटावर बेंजोच्या बाजूला मी तो ठेवला, दिरांनी स्वतः त्याला कुंकू लावलं, आपट्याची पानं दुसऱ्या दिवशी ठेवा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, झालं काम. घरी येऊन सांगितलं तर नवऱ्यानं डाव्या हातानं कपाळ बडवलं. मग म्हणाला, तू कारखान्यात होतीस तेच बरं होतं.

दसरा झाला आणि दीर आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले की डबा सरावाला हवा, मेहुण्याला, म्हणजे जावेच्या त्या भावाला, सवय व्हायला हवी, पोरीची हळद तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. नवरा आत खाटेवर होता. सगळं ऐकत होता. मी विचारलं, मेहुण्याला कशाला सवय? काकानं वाजवायचं ठरलंय ना? दिरांनी आवाज खाली केला नाही.

"लोक नवरीला बघायला येतात. ह्याच्या लुळ्या हाताकडं बघत बसले तर? पोरीची हळद हाय, सर्कस न्हाय."

मी तोंड उघडलं होतं. पण आतून नवऱ्याचा आवाज आला, दे त्यांना, पार्टीचा आहे. मी डबा दिला. दीर गेल्यावर मी इतकं बोलले, इतकं बोलले, ह्याच्या भावाला, जावेला, त्यांच्या सात पिढ्यांना, आणि शेवटी ह्यालाही, की तुम्हाला पाठीचा कणा नाही. हा माणूस गप्प बसला की मला भीती वाटते. दुसरा डबा करू म्हटलं तर ट्रान्झिस्टर नव्हते. गिटार त्यानं स्वतः खिळ्याला अडकवली, डाव्या हातानं, मला जवळ येऊ न देता.

हळदीच्या दिवशी दुपारी दिरांनी मला बोलवायला मोटारसायकल पाठवली. डबा मुका झाला होता. मी मीटर आणि स्क्रू फिरवायचा पेचकस घेऊन गेले. मंडप सजलेला, जाऊ हळद कालवण्यात कोपरापर्यंत पिवळी, आणि डबा टेम्पोवर भर उन्हात अॅम्प्लिफायरला टेकून ठेवलेला. हात लावला तर चटका बसला. शिवाय मेहुण्यानं आतला स्क्रू पार टोकाला नेऊन ठेवला होता. आवाज वाढेना म्हणून फिरवला म्हणे. मी डबा सावलीत नेला, ओल्या फडक्यावर ठेवला, आणि झाकण उघडून बसून राहिले.

दिरांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, "जुळवते. पण वाजवणार हे. नाहीतर तुमच्या मेहुण्याला सांगा, फुंकर मारून बघ."

जाऊ तिथूनच म्हणाली की हिची नाटकं आजच्या दिवशी तरी नकोत. दिरांनी तिला हातानं थांबवलं. मेहुण्याकडे पाहिलं, की-बोर्डवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. घेऊन ये त्याला." इतक्या लवकर ऐकणारा तो माणूस नव्हे. पण आनंद झाला की आपली अक्कल कुठं चरायला जाते कोण जाणे. मी स्क्रू जुळवला, आवाज भरून आला, आणि मी घराकडे अक्षरशः पळत सुटले.

त्याची दाढी मी केली. गळा कापतेस का, हळू कर, पांढरा शर्ट हाच का, इस्त्री कुणी केली, रस्त्यावरच्या रोलरनं? इतक्या दिवसांनी तो शिव्या देत होता आणि मला त्या गोड लागत होत्या. निघताना त्यानं पट्टा तळहाताशी घट्ट बांधून घेतला आणि विचारलं, ती बघेल ना?

दिवे लागले आणि हळद सुरू झाली. त्याच्यासाठी पुढेच खुर्ची मांडली होती. डबा पायाशी, गिटार मांडीवर, डब्यातून निघालेली वायर सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरकडे. पुतणी पाटावर बसली होती, गाल, कपाळ, हात सगळं पिवळं. काकाला बघून ती उठायलाच निघाली, बायकांनी दाबून बसवली. ती तिथून ओरडली, आला माझा काका. दिरांनी बेंजो छेडला, ढोल घुमले, आणि गिटार वाजली. त्याचा हात वरून खाली येत होता, डावी बोटं पळत होती, लोक नाचत होते, आणि पुतणी बसल्या जागी खांदे उडवत काकाकडे बघत होती. तोही तिच्याकडेच बघून हसत होता.

दुसऱ्या गाण्याला माझ्या कानात काहीतरी टोचलं. त्या डब्याचा सूर मी स्वप्नातही ओळखीन. तो संपताना आधी दाटतो, मग खरखरतो, मग विरतो. स्पीकरमधून येणारा सूर बोट उचलल्यासारखा पटकन थांबत होता. मी मान वळवली. की-बोर्डवाला खाली मान घालून गिटारचा आवाज लावून वाजवत होता. मेहुणा मिक्सरपाशी उभा होता आणि डब्याची वायर जिथं लागली होती तिथली आवाजाची पट्टी अगदी तळाला ओढलेली होती. माझ्या नवऱ्याचा आवाज बंद होता. पहिल्यापासून.

माझं डोकं फिरलं. आजही ते आठवलं की फिरतं. मी बायकांमधून वाट काढत गेले, मेहुण्याला ढकललं आणि ती पट्टी खालून एकदम वरपर्यंत नेली.

जो आवाज निघाला तो गिटारचा नव्हता. नवरा तारा दाबतच नव्हता. डावी बोटं तारांच्या वरच्यावर हलत होती, बघणाऱ्याला खरी वाटतील अशी, आणि उजवा हात मोकळ्या तारांवर पडत होता. ते सगळं फझमधून फुगून मंडपात आलं आणि पाठोपाठ स्पीकरची शिट्टी. पोरांनी कान झाकले. ढोल थांबले. कुणीतरी म्हणालं, रेडा सुटला काय? मंडप हसला. पुतणीही हसली, पिवळ्या तोंडानं, आणि हसत हसत म्हणाली, काका, अरे काय हे?

दिरांनी माईक तोंडाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "बघितलंस? म्हणून सांगत व्हतो."

आणि मी गप्प बसले नाही. बसणार कशी? मी भर मंडपात सांगून टाकलं की दिरांनी ह्यांचा आवाज मघापासून बंद ठेवलाय, वाजतोय तो की-बोर्ड, भाऊ म्हणवतात आणि आजच्या दिवशी माणसाला बाहुलीसारखं बसवतात. शब्द न शब्द खरा होता. हसणं थांबलं. पण दिरांकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, त्या हवेतल्या बोटांकडे. पुतणीनंही पाहिलं. मग तिनं मान खाली घातली आणि हातावरची सुकलेली हळद नखानं काढत बसली. त्यानं पाय उचलून डब्याचं बटण दाबलं, आवाज बंद केला आणि उठला.

घरापर्यंत मीच बोलत होते. उद्या लग्नाला जायचं नाही, डबा परत आणते, पार्टी गेली खड्ड्यात. मागे ढोल पुन्हा सुरू झाले होते. तो अंगणात थांबला आणि तळहाताचा पट्टा दातांनी सोडवायला लागला. मी सोडवायला गेले तर त्यानं हात मागे घेतला.

"मला पहिल्या सुरालाच कळलं होतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? गुमान बसून का राहिलात?"

पट्टा सुटला. तो त्यानं खिशात घातला.

"तिला वाटत होतं ना, मी वाजवतोय."